बैठक आधी, खेळणं नंतर: दिव्यांग मुलांची खेळणी निवडताना आणि घरी बदलून घेताना

बडोद्यात ज्या घरी दिव्यांग मूल आहे, तिथे दिवाणाखाली एक खोका हमखास सापडतो. मामाने आणलेली रिमोटची गाडी, पुण्याच्या आत्याने पाठवलेली बोलणारी बाहुली, वाढदिवसाला आलेले ब्लॉक, सगळं जवळजवळ नवंकोरं. आई म्हणते, "खेळतच नाही हो हा." खोका उघडून बघावा तर रिमोटवरची बटणं हरभऱ्याएवढी, ती दाबायला अंगठा बाकीच्या बोटांपासून सुटा वळायला हवा. बाहुली अशी कर्कश की ती बोलायला लागली की मुलगा दचकून हातपाय ताठ करतो. ब्लॉक गुळगुळीत, हाताचा एक झटका बसला की सगळे खाली. या खेळण्यांना जी हालचाल हवी ती मुलाकडे नाही, आणि मुलाकडे जी आहे तिला ही खेळणी दाद देत नाहीत.

विशेष शिक्षिका म्हणून घरोघर जाते तेव्हा मी पालकांना एकच धागा धरायला सांगते: मुलाला स्वतःच्या मर्जीने, हवी तेव्हा करता येते अशी एक हालचाल शोधा आणि खेळणं त्या हालचालीला जोडा. पुढचं सगळं त्याच क्रमाने लिहिलं आहे. वायर-बॅटरीचा भाग नको असेल तर खुशाल सोडा, बैठकीचा मात्र सोडू नका.

आधी चार दिवस नुसतं बघा

खरेदीच्या आधी एक वही घ्या. मूल पोटभर जेवलेलं, झोप झालेली आणि फिट्सच्या औषधाची गुंगी उतरलेली, अशी दिवसातली वेळ धरा. काही शिकवू नका, हातात काही कोंबू नका. कुठला हात आधी पुढे येतो? आवाज आला की मान कुठे वळते? कशाला हसतं? काय तोंडात जातं? खिडकीतल्या उजेडाकडे बघतं की फिरणाऱ्या पंख्याकडे? एका वस्तूत किती वेळ रमतं?

यातली सर्वांत अवघड गोष्ट वाट बघण्याची आहे, आणि ती मुलापेक्षा मोठ्यांना अवघड जाते. वस्तू समोर धरा आणि मनातल्या मनात बेचा पाढा म्हणा. सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा झाल्याने हालचालींवर ताबा नसणं) असलेल्या पुष्कळ मुलांचा हात "बे पंचे दहा"च्या पुढे कुठेतरी हलायला लागतो. तोवर आई बहुतेक वेळा राहवत नाही म्हणून खेळणं हातात देऊन मोकळी झालेली असते, आणि मुलाने सुरू केलेली हालचाल तिथेच विरते.

एक सात वर्षांची मुलगी आठवते. दोन्ही मुठी घट्ट, पाय कात्रीसारखे. "हिला काहीच करता येत नाही," असं घरच्यांनी दारातच सांगितलं. कुकरची शिट्टी झाली की ती डावा गाल उशीवर घासत स्वयंपाकघराकडे वळायची. दर शिट्टीला, न चुकता. तिचं पुढचं सगळं खेळणं त्या डाव्या गालावर उभं राहिलं. पण तिच्या फिजिओला विचारूनच. काही मुलांत मान एका बाजूला वळली की त्याच बाजूचा हात ताठ होतो आणि दुसरा दुमडतो. बाळपणातला हा प्रतिक्षेप, म्हणजे आपोआप होणारी हालचाल, टिकून राहिलेला असेल तर मान वळवायला लावणारं खेळणं तोट्याचं ठरतं आणि वस्तू छातीसमोर मधोमध ठेवावी लागते. म्हणून वहीतली पानं थेरपिस्टला दाखवा आणि सरळ विचारा: यातली कुठली हालचाल वाढवायची आणि कुठली वाढू द्यायची नाही?

बैठक

मुलाचं धड तोललेलं नसेल तर पडू नये म्हणून आधार धरून ठेवण्यात त्याचे दोन्ही हात अडकतात. खेळायला हात उरतच नाहीत. महागडं खेळणं घेऊनही उपयोग होत नाही, त्याचं कारण कित्येकदा एवढंच असतं.

खुर्चीत बसवणार असाल तर ढुंगण पार मागे टेकलेलं, कंबर आणि गुडघे काटकोनात, तळपाय सपाट टेकलेले. पाय लोंबकळत असतील तर खाली पाट ठेवा, नाहीतर जुनी मासिकं दोरीने घट्ट बांधून गठ्ठा करा. समोरचं टेबल कोपराच्या उंचीचं. त्याहून उंच असेल तर खांदे वर चढतात आणि हात लवकर थकतात. जमिनीवर बसवायचं तर खोलीचा कोपरा उत्तम. दोन भिंतींचा आधार पाठीला आणि खांद्यांना मिळतो, दोन्ही बाजूंना लोड लावायचे, पाय जवळ ओढले जात असतील तर मांड्यांच्या मध्ये गुंडाळलेला टॉवेल. आपल्या घरांत लोड-तक्के असतातच, वेगळी खरेदी लागत नाही.

ज्यांना बसताच येत नाही त्यांच्यासाठी कुशीवर झोपवणं ही फार कामाची स्थिती आहे. पाठीला लोड, डोक्याखाली पातळ उशी, वरचा पाय थोडा पुढे दुमडून त्याच्याखाली घडी. उताणं असताना हात दोन्ही बाजूंना पडतात आणि वर उचलायला जोर लागतो. कुशीवर तेच हात आपोआप छातीसमोर एकत्र येतात. खेळणं तिथेच, छातीच्या पातळीवर ठेवायचं. या सगळ्या बैठका फिजिओकडून एकदा हाताने करून घ्या, वाचून नक्की जमतील असं नाही. सयाजी इस्पितळात किंवा तुम्ही जाता त्या केंद्रात मोबाइलवर फोटो काढून आणा आणि घरी भिंतीला लावा, म्हणजे आजी-आजोबांनाही तशीच बैठक देता येते.

इथे पांगुळगाड्याबद्दल सांगायलाच हवं. बडोद्याजवळच्या संखेड्याची लाखेची तीनचाकी चालणगाडी दिसायला देखणी, आणि नातू उशिरा चालतोय म्हटल्यावर आजी ती आणतेच. नुसता उशीर असेल आणि मूल आधाराने उभं राहत असेल तर ठीक. पायात ताठरपणा असेल, चवड्यांवर उभं राहत असेल, तर फिजिओने होकार दिल्याशिवाय त्यात उभं करू नका.

आता टेबलावर काय ठेवायचं? परात. काठ असलेली मोठी स्टीलची परात हा मला माहीत असलेला सर्वांत स्वस्त खेळाचा ट्रे आहे. गाडी, चेंडू, मणी काहीही कितीही जोरात ढकललं तरी काठाला आपटून परत येतं, शिवाय खणखणतं. मुलाला कळतं की आपण केलं म्हणून आवाज झाला. परात सरकू नये म्हणून खाली ड्रॉवरमध्ये घालतात ती रबरी जाळीची चटई अंथरा.

दुकानात

मंगळबाजारात किंवा मांडवीच्या गर्दीत मुलाला नेणं जमेलच असं नाही, पण वही न्या. खोक्यावर लिहिलेलं वय विसरा. ते वय ठरवताना ज्या मुलाची कल्पना केलेली असते ते तुमचं मूल नसतं. दुकानदाराला खेळणं बाहेर काढायला सांगा आणि मुलाची जी हालचाल आहे तेवढीच स्वतः करून बघा. मूठ वळलेली असेल तर मुठीनेच दाबून बघा. एक हात चालत असेल तर दुसरा पाठीमागे धरा. दुकानदार हसेल, हसू दे.

वयाची पट्टी एका बाबतीत मात्र उलटी वापरायची. तीन वर्षांखालच्या मुलांसाठी लहान सुट्या भागांची जी काळजी घेतात, ती तुमचं मूल वस्तू तोंडात घालतं तोवर घ्यायची, मग ते नऊ वर्षांचं का असेना. खेळण्यांच्या आयएस ९८७३ या मानकात त्यासाठी ३१.७ मिलिमीटर व्यासाची नळी वापरतात. तिच्यात पूर्ण मावणारा भाग घशात अडकू शकतो. दहाचं नाणं २७ मिलिमीटरचं असतं, त्याहून थोडंसं मोठं भोक धरा. चेंडूंसाठी मोजमाप ४४.५ मिलिमीटरचं आहे, म्हणजे ४० मिलिमीटरचा टेबलटेनिसचा चेंडूसुद्धा त्यात नापास होतो. बटणासारख्या चपट्या बॅटऱ्यांचं झाकण स्क्रूने बंद होत असेल तरच खेळणं घ्या. गिळलेली अशी बॅटरी दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. सुटणारे छोटे ताकदवान मॅग्नेटही नकोत, दोन गिळले गेले तर आतड्याच्या आरपार एकमेकांना चिकटतात.

१ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. हस्तकला आयुक्तालयात नोंदलेले कारागीर आणि जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालेल्या वस्तूंचे अधिकृत उत्पादक यांना त्यातून सूट आहे. त्यामुळे खराद्याकडच्या, म्हणजे लाकूड कातणाऱ्या कारागिराकडच्या, लाकडी खेळण्यावर चिन्ह नाही म्हणून घाबरू नका. पांढरं फडकं ओलं करून त्यावर जोरात घासा. रंग उतरला तर परत ठेवा. सांध्याला कुसळ लागतंय का ते स्वतःच्या बोटाने बघा.

खराद्याचा खरा फायदा वेगळाच आहे. डभोईच्या पुढे संखेड्याला किंवा शहरात जो कोणी लेथवर लाकूड फिरवतो त्याला माप दिलं तर तो हवी तशी मूठ करून देतो: जाड, मधे खोलगट, टोकाला गोळा असलेली, हातातून न सटकणारी. भोवऱ्याची दांडी बोटभर जाड करून मिळते. खुळखुळा डंबेलसारखा, मधे बारीक आणि दोन्ही बाजूंना फुगीर, करून घेतला तर दोन हातांनी धरायची सवय लागते. माप म्हणून मुलाच्या मुठीत मळलेली कणीक दाबून घ्या आणि तो गोळा वाळवून खराद्याला द्या. तोंडी वर्णनापेक्षा त्याला हे चटकन कळतं.

आवाजाच्या खेळण्याला दुकानातच स्पीकरवर बोट ठेवून बघा. आवाज कमी होत असेल तर घरी त्या जाळीवर चिकटपट्टीचे दोन-तीन थर लावायचे. एवढ्याने निम्मी भांडणं मिटतात.

वायर न जोडता होणारे बदल

पकड कमजोर असेल तर दांडी जाड करा. एसीच्या तांब्याच्या नळीवर चढवतात ती काळी फोमची नळी फ्रिज-एसीच्या सामानाच्या दुकानात फुटावर मिळते. चमचा, ब्रश, खडू, ढोलकाची काठी, काहीही तिच्यात खोचता येतं. चावणाऱ्या मुलाला मात्र ही नळी देऊ नका, तुकडे निघतात. त्याच्यासाठी सायकलच्या हँडलची रबरी मूठ बरी. मूठ वळतच नसेल तर तळव्याभोवती वेल्क्रोचा पट्टा शिवून घ्या, आत एक खिसा, खिशात ब्रश किंवा काठी. शिंप्याला दहा मिनिटांचं काम. पट्टा काढल्यावर कातडीवर लाल वळ राहत असेल तर तो फार घट्ट आहे.

लाकडी चित्रकोड्यांचे तुकडे उचलायला चिमूट लागते. त्यांवर ड्रॉवरच्या गोल मुठी स्क्रूने बसवा, नाहीतर तोंडात न घालणाऱ्या मुलासाठी बाटलीची जाड झाकणं चिकटवा. बारा तुकड्यांचं कोडं असेल तर दहा आधीच लावून द्या आणि शेवटचे दोन मुलाला लावू द्या. कोडं पूर्ण झाल्याचा आनंद त्याला मिळतो. पुढच्या आठवड्यात तीन ठेवा. पुस्तकाची पानं उलटत नसतील तर प्रत्येक पानाच्या कडेला फोमचा छोटा तुकडा चिकटवा, पानांमध्ये फट राहते आणि मुठीनेही पान उलटतं.

खाली पडणाऱ्या खेळण्यांना आखूड इलॅस्टिकने टेबलाला बांधा. वीतभर पुरे, लांब दोरी गळ्याभोवती जाऊ शकते. मनगटाला घुंगरू बांधायचे तर इलॅस्टिकच्या पट्टीत आतून शिवून वर कापड चढवा, नुसते टाचलेले निघतात. अशक्त स्नायूंच्या मुलांना लाकूड जड पडतं; त्यांना स्पंजचे ठोकळे, फुगा किंवा रेशमी रुमाल द्या. फुगा फुटला की तुकडे लगेच उचला.

एका बटणावर चालणारं खेळणं

ज्याला पकडता येत नाही पण दाबता, ढकलता किंवा गाल वळवता येतो, त्याच्यासाठी बाहेरचं मोठं बटण लावणं हा सर्वांत मोठा बदल. तयार मिळतं ते महाग असतं. घरी दीडशे-दोनशे रुपयांत होतं. सोल्डरिंग येत नसेल तर मोबाइल दुरुस्तीवाला करून देईल.

खेळणं पेन्सिल सेलवर चालणारं निवडा, आणि त्याला सरकवायचा चालू-बंद खटका हवा. चालणारा कुत्रा, साबणाचे फुगे उडवणारं यंत्र, छोटा पंखा, दिवाळीची बॅटरीवरची माळ, सगळं चालतं. भिंतीच्या विजेवर चालणाऱ्या किंवा चार्जिंगच्या लिथियम बॅटरीच्या खेळण्याला हात लावू नका.

इलेक्ट्रॉनिक्सचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानातून दोन्ही बाजूंना तांबं असलेला पातळ पीसीबीचा (सर्किट बोर्डाचा) तुकडा, मीटरभर बारीक दुहेरी वायर, ३.५ मिलिमीटरचा मोनो सॉकेट आणि त्याचीच पिन आणा. पीसीबीचा सेलच्या तोंडाएवढा, साधारण बारा मिलिमीटरचा गोल किंवा चौकोन कापा. कडा कानशीने घासा; दोन्ही बाजूंचं तांबं कुठेही एकमेकाला टेकता कामा नये. एका बाजूला वायरचा एक पदर, दुसऱ्या बाजूला दुसरा, असे सोल्डर करा. वायरच्या दुसऱ्या टोकाला सॉकेट. ही चकती सेल आणि स्प्रिंगच्या मध्ये सरकवा, स्प्रिंगच्या बाजूला जागा मिळते. वायर बाहेर यावी म्हणून झाकणाच्या कडेला कानशीने छोटी खाच पाडा आणि झाकण स्क्रूने परत लावा. आता खेळण्याचा खटका चालू केला तरी ते गप्प राहील, कारण चकतीने वीज अडवली आहे. सॉकेटच्या दोन टोकांना वायरच्या तुकड्याने क्षणभर जोडून बघा. खेळणं हललं तर काम झालं.

बटणासाठी दाराच्या घंटीचं साधं बटण घ्या. ते पाटाच्या तुकड्यावर स्क्रूने बसवा, मागून वायर काढून ३.५ ची पिन जोडा. वर प्लास्टिकच्या डब्याचं मोठं झाकण एका बाजूने कापडी पट्टीने बिजागरीसारखं चिकटवा, म्हणजे झाकणावर कुठेही हात पडला तरी खालचं बटण दबतं. झाकण एका रंगाचं, ठळक, शक्यतो पिवळं किंवा लाल.

फार हलका दाब असेल तर लग्नपत्रिकांचे जाड पुठ्ठे कामाला येतात. दोन पुठ्ठ्यांच्या आतल्या बाजूला पोळ्या गुंडाळायची ॲल्युमिनियमची फॉइल चिकटवा. फॉइलला सोल्डर धरत नाही. प्रत्येक फॉइलवर वायरचा एक-एक सोललेला पदर पसरून चिकटपट्टीने घट्ट बसवा. मध्ये भोकं पाडलेला पातळ स्पंज ठेवून कडा बंद करा. दाबलं की भोकांतून फॉइल फॉइलला टेकते. महिना-दोन महिन्यांत हे बटण चेपतं, पण मुलाला कुठे आणि किती दाब सोसतो हे कळायला तेवढं पुरतं.

पंजा दाबला की गाणं म्हणणाऱ्या अस्वलासारख्या खेळण्यात ही चकती चालत नाही, कारण वीज परत आली तरी ते पंजा दाबायची वाट बघतं. तिथे खेळणं उसवून आतल्या बटणाच्या दोन टोकांना समांतर वायर काढावी लागते.

बटण लावल्यावर "दाब, दाब" असा घोष सुरू करू नका. ज्या जागी हालचाल होते तिथे बटण पक्कं बसवा आणि गप्प बसा. पहिल्यांदा चुकून लागेल. कुत्रा भुंकेल, थांबेल. मूल थबकून बघेल. दुसऱ्यांदा कदाचित चुकून, तिसऱ्यांदा नाही. वर सांगितलेल्या मुलीच्या उशीला डाव्या बाजूला पुठ्ठ्याचं बटण शिवलं होतं आणि त्याला पंखा, पंख्याला रंगीत क्रेपच्या पट्ट्या. पट्ट्या उडायच्या थांबल्या की ती आधी माझ्याकडे रागाने बघायची, मग गाल वळवायची.

कमी दिसणाऱ्या मुलांसाठी

पूर्ण अंध मुलाला खेळण्याचा रंग नको, जागा हवी. वस्तू हातातून सुटली की त्याच्यापुरती ती नाहीशी होते. डेन्मार्कच्या लिली नील्सन यांनी यासाठी 'लिटल रूम' काढली: मूल झोपलेलं, वर छोटंसं छत, आणि छताला ठरलेल्या जागी लटकलेल्या वस्तू. ढकललेली वस्तू परत तिथेच येते, म्हणून मूल तिला पुन्हा शोधतं. घरी बुटक्या टेबलाखाली हे होतं. वाटी, चमचे, किल्ल्यांचा जुडगा, नारळाची करवंटी, कुंचल्याचा तुकडा, आखूड दोऱ्यांनी. मोठं माणूस शेजारी हवंच. चेंडू सापडत नसेल तर तो कुरकुरणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून घट्ट बांधा, गडगडताना ऐकू येतो.

थोडं मोठं मूल असेल तर मी आधुनिक बोर्ड गेमपेक्षा घरातला कापडी सारीपाट काढायला सांगते. शिवलेल्या घरांच्या कडा बोटाला लागतात. नसेल तर शिंप्याकडून घरांच्या रेघांवर जाड दोरा शिवून घ्या. सोंगट्यांमध्ये रंग ओळखू यावेत म्हणून एका संचाला रबर बँड, दुसऱ्याला खाच, तिसऱ्याला टाचणीचा गोल माथा. आणि फाशाऐवजी कवड्या. उताणी की पालथी हे अंध मूल बोटाने तत्क्षणी सांगतं, कोणाला विचारावं लागत नाही, लबाडीही पकडता येते. कवड्या नसतील तर फोडलेले चिंचोके: एक बाजू सपाट, एक गोल. चुलत भावंडांबरोबर बरोबरीने खेळता येईल असा दुसरा इतका स्वस्त खेळ मला सापडलेला नाही.

डोळे ठीक पण मेंदूतून दिसण्यात अडचण, असं सेरेब्रल पाल्सीच्या मुलांत पुष्कळदा असतं. त्यांच्यासमोर काळं कापड पसरा, त्यावर एकच वस्तू, एकाच रंगाची, लाल किंवा पिवळी, जराशी हलवत. बाजूचा टीव्ही बंद. यातली काही मुलं वस्तूकडे बघून मान वळवतात आणि मग हात पुढे करतात. "इकडे बघ" म्हणत हनुवटी धरू नका. फिट्स येत असतील तर लुकलुकणारे दिवे डॉक्टरांना विचारूनच.

ऐकू न येणारी मुलं

इथे बदल थोडेच. दिवा लागणारी, थरथरणारी, फिरणारी खेळणी घ्या, ढोलकावर तळवा ठेवू द्या. कॉक्लियर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी शस्त्रक्रियेने कानात बसवलेलं यंत्र) असेल तर मॅग्नेटची खेळणी डोक्यापासून लांब. खेळताना समोरासमोर बसा, म्हणजे तुमचे ओठ आणि हातवारे दिसतात. बाहुलीच्या कानामागे कापडाचं छोटं श्रवणयंत्र शिवून दिलं तर लहान मुलं स्वतःचंही यंत्र कमी ओरबाडतात, असा माझा अनुभव आहे.

ऑटिझम

या मुलांच्या गाड्या रांगेत लावण्याला लोक उगाच घाबरतात. रांग मोडू नका, रांगेत तुमची एक गाडी लावा आणि वाट बघा. त्याने ती सरकवली, हरकत नाही. त्याला तुमचं अस्तित्व कळलं. सुरुवात आणि शेवट स्पष्ट असलेली खेळणी बरी पडतात: खुंट्या, कोडी, नाणी टाकायचा डबा. डब्याच्या झाकणाला फट पाडून त्यात जुनी पत्त्यांची पानं टाकायला द्या. संपली की संपलं.

आवाज, स्पर्श, वास यांत प्रत्येकाचं गणित निराळं. एकाला कणकेचा गोळा लागतो, दुसरा त्याला हात लावला तर किंचाळतो. त्याला कणीक पिशवीत बंद करून वरून दाबू द्या. सतत कपड्याची कॉलर चावणाऱ्याला चावायला बनवलेलं सिलिकॉनचं खेळणं द्या. मांडीवर ठेवायची राजम्याची जड पिशवी काहींना शांत करते. ती मांडीवरच, छातीवर किंवा झोपेत कधीच नाही.

वय

बारा वर्षांच्या मुलाच्या हातात बाळाचा खुळखुळा देऊ नका, त्याची समज दोन वर्षांची आहे असं कागदावर लिहिलेलं असलं तरी. दाबलं की काहीतरी होतं, हाच खेळ मोठ्यांच्या वस्तूंतून देता येतो: ब्लूटूथ स्पीकर, टॉर्च, सेलवरचा पंखा, हलक्या दाबाने टिकटिकणारा काउंटर. भावाच्या खोलीत ती वस्तू शोभली पाहिजे, एवढी कसोटी पुरते.

बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी केंद्र सरकारच्या एडिप या दिव्यांगांना साधनं देणाऱ्या योजनेतून शिकण्या-शिकवण्याच्या साहित्याचे संच मिळतात. महागडा संच विकत घेण्याआधी तिथे चौकशी करा. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असेल तर नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेच्या निरामय आरोग्य विम्यात वर्षाला एक लाखापर्यंतच्या खर्चात थेरपीही येते. तो पैसा वाचला तर खेळण्याला उरतो.

झोपाळा, उत्तरायण, नवरात्र

बडोद्याच्या जुन्या घरांत झोपाळा असतोच, आणि आपण मुलाला त्यावर बसवून झोके देतो. बदल इतकाच करा: समोरच्या खिडकीच्या गजाला जाड दोर बांधा, टोकाला मोठी लाकडी कडी. मूल मांडीवर घेऊन बसा, दोन्ही बाजूंना तक्के, आणि कडी त्याच्या हातात. ओढलं की झोका, सोडलं की थांबतो. झोका आता त्याच्या मर्जीचा. फिट्स येणाऱ्या मुलाला गोल गोल फिरवू नका, पुढे-मागे हळू पुरे.

उत्तरायणला गच्चीवर व्हीलचेअर नेणं जमत असेल तर फिरकी त्याच्याकडे द्या. दोन्ही हातांनी धरता येत नसेल तर सुताराकडून दोन खाचांची छोटी घोडी करून तिच्यावर फिरकी ठेवा. पतंग उडवणारा दोर ओढतो तशी ती फिरते, मुलाने नुसता तळवा टेकून थांबवायची. दोर साधा सुती घ्या, काचेचा मांजा त्याच्या हाताजवळ नको. नायलॉनचा तर बंदच आहे.

नवरात्रात लाकडी दांडिया जड पडत असेल तर विजेच्या वायरिंगची पोकळ प्लास्टिक नळी फूटभर कापा, त्यावर तीच काळी फोमची नळी आणि तळव्याचा पट्टा. मोठ्या मैदानातल्या आवाजाने कान झाकणाऱ्या मुलाला सोसायटीतल्या गरब्यात आधी, गर्दी जमण्यापूर्वी न्या, सर्वांत बाहेरच्या वर्तुळात. कान झाकणारे हेडफोन बरोबर ठेवा आणि त्याने निघायची खूण केली की निघा.

नीट ठेवणं

एका वेळी पाच-सहाच खेळणी बाहेर ठेवा, दर आठवड्याला एक-दोन बदला. बदल केलेल्या खेळण्याच्या तळाशी मार्करने लिहा: कुठला सेल, चकती कुठे आहे, कुठल्या हालचालीसाठी केलं. थेरपिस्ट किंवा शाळेतल्या बाईंना ते उपयोगी पडतं, आणि मूल पुढे गेल्यावर खेळणं दुसऱ्या घरी देता येतं. देण्याआधी सेल काढा आणि वायरचे सांधे ओढून बघा. कापडी बाहुल्या साबणात धुऊन कडक उन्हात वाळवा. लाखेचं लाकूड ओल्या फडक्याने पुसा, भिजत घालू नका, आणि उन्हातही ठेवू नका. लाख मऊ होऊन फडक्याला चिकटते.